वरून आत, खालून बाहेर

आप्पांच्या घरात मी पहिल्यांदा शिरले ती छतातून. हे सांगितलं की लोक मला थांबवतात आणि पुन्हा विचारतात, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट लिहून टाकते. छतातून, शिडीवरून, कडक इस्त्रीची साडी सावरत, आणि खाली भिंतीकडे तोंड करून उभे असलेले एक अनोळखी गृहस्थ "सावकाश, माल सांडंल" असं बजावत असताना.

त्याचं असं झालं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादच्या कचेरीतल्या फायलींची वाटणी झाली, टेबलांची झाली, पंख्यांची झाली आणि आम्हा माणसांचीही झाली. मी टायपिस्ट होते. मी आणि माझं जुनं खडखडं मशीन, दोघंही लातूरच्या वाट्याला आलो. मशीनला लगेच जागा मिळाली, मला काही मिळेना. नव्या जिल्ह्याबरोबर साहेब आले, साहेबांची बिऱ्हाडं आली, आणि लातुरात ज्या खोल्यांत लोक कालपर्यंत कडबा ठेवत होते त्यांना रंग लागले. शेवटी कचेरीतल्या एका शिपायाने सांगितलं, "औशाला जावा. किल्ल्याच्या अंगाला एक आप्पा हायेत. जागा लई हाय त्यांच्याकडं. माणूस चांगला हाय, फकस्त..." आणि त्याने हाताने नुसतं वरून खाली असं काहीतरी करून दाखवलं. त्याचा अर्थ मला औशाला गेल्यावर कळला.

ते घर नव्हतंच. काळ्या दगडाचं कोठार होतं ते, निजामाच्या अमदानीत शेतकऱ्यांकडून सक्तीने घेतलेलं लेव्हीचं धान्य साठवायला बांधलेलं. भिंती इतक्या जाड की आत बसल्यावर बाहेरच्या बसचा हॉर्न पाहुण्याच्या खोकल्याएवढा ऐकू यायचा. खिडकी एकही नाही. समोर एक ठेंगणं दार, ज्यातून नवऱ्या मुलालाही वाकूनच यावं लागेल असं. बाहेरच्या बाजूने छतावर जायला दगडी पायऱ्या, आणि छताला चार गोल तोंडं. पूर्वी हमाल पाठीवर पोती घेऊन पायऱ्या चढायचे आणि त्या तोंडांतून धान्य आत ओतायचे. काढायचं ते खालच्या दारातून. वरून भरायचं, खालून काढायचं, म्हणजे जुना माल आधी निघतो, अशी ती साधी रीत.

रीत धान्याची होती. आप्पांनी ती माणसांना लावली होती.

"सामान काय काय हाय?" त्यांनी दारातच विचारलं. अंगाने सडसडीत, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि धोतराच्या कमरेला एक टोकदार लोखंडी नळी खोचलेली. पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची असते ती.

"एक ट्रंक, एक वळकटी आणि स्टोव्ह."

"वर न्या."

"वर खोली आहे का?"

"वर काय न्हाई. वरनं आत यायचं. आत यायचा माल वरनंच येतंय, बाई. हे कोठार हाय."

मी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि आत त्यांच्या पत्नी, आव्वा, तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला, मग उठल्या आणि निमूटपणे शिडी धरायला गेल्या. इतक्या सवयीने गेल्या की माझ्या लक्षात आलं, इथे वाद घालून झालेला आहे आणि तो केव्हाच हरून झालेला आहे. माझी ट्रंक दोरीने उतरली, वळकटी उतरली, स्टोव्ह उतरला, शेवटी मी उतरले. माझे पाय जमिनीला लागले तसे आप्पा भिंतीकडे तोंड करूनच मोठ्याने म्हणाले, "लाभ."

धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. दोन, तीन त्याच्यापुढे. आप्पांच्या कोठारात मात्र दोन नव्हतंच. जो उतरेल तो लाभ. माझ्याआधी एक तलाठी उतरला होता, तोही लाभ. आव्वा सांगायच्या, बाजारातून आणलेली मांजरही टोपलीत घालून वरूनच सोडली होती, आणि तिलाही लाभ म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भीतभीतच विचारलं की कचेरीला आता छतावरून जायचं का. आप्पा हसले. "रोजची ये-जा उंदीर बी करतंय. ती हिशेबात न्हाई. बिऱ्हाड घेऊन आलं ते आलं, बिऱ्हाड घेऊन गेलं ते गेलं." म्हणजे एकदा वरून आत पडलं की दाराची मोकळीक. कायदा म्हणून तसा सोपा होता.

आत भिंती नव्हत्या. गोणपाटाचे पडदे होते, आणि खोल्यांची नावं पूर्वी तिथे काय साठवत त्यावरून पडलेली. मी करडईत राहायची. स्वयंपाक तुरीत व्हायचा. आप्पा आणि आव्वा हरभऱ्यात झोपायचे आणि त्यांची मुलगी गिरिजा ज्वारीत. "ज्वारीतला कंदील आण की" हे वाक्य त्या घरात कुणालाही विचित्र वाटायचं नाही, आणि महिन्याभराने मलाही वाटेनासं झालं. उन्हाळ्यात बाहेर कातडी भाजत असताना आत मात्र माठासारखा गारवा असायचा, म्हणून दुपारी गल्लीतल्या बायका वाती वळायला आमच्याकडेच येऊन बसायच्या. उजेड छताच्या तोंडांतून यायचा. तीन तोंडांवर आप्पांनी काचा बसवल्या होत्या, त्या धुळीने पिवळ्या पडलेल्या. चौथं मोठं तोंड शिडीचं, ते पावसाची सर सोडली तर उघडंच असायचं. खरा उजेड त्याचाच.

आप्पांचा एकच शत्रू होता, ओल. ओलं धोतर, ओला टॉवेल, ओली भांडी, सगळं दाराबाहेर निथळून मगच आत. माझ्या ट्रंकेत, उशीच्या अभ्र्यात, एकदा तर डब्यात भाकरीच्या खालीसुद्धा मला कडुलिंबाचा वाळलेला पाला सापडला. रडण्यालाही ओलीचाच नियम लागू. गल्लीतली एक सून सासूच्या जाचाने आव्वांकडे येऊन डोळ्यांना पदर लावायला लागली, तर आप्पा अगदी मायेने म्हणाले, "बाळ, बाहीर ओट्यावर बस आन् पोटभर रड. मी बी येऊन बसतो जोडीला. पण हितं नगं, ओल धरतीया." आणि खरंच जाऊन बसले तिच्याजवळ.

माणूस पारखायची त्यांची रीतही धान्याचीच. ज्वारीचा दाणा दाताखाली फोडला आणि कट् असा आवाज आला की माल सुका. माणसाचा आवाजही ते असाच ऐकायचे. कुणी गोड गोड बोलायला लागला की मान हलवून हळूच म्हणायचे, "दमट हाय." मला त्यांनी करडईत जागा दिली ती मोकळी होती म्हणून, पण पुढे म्हणाले, "बाईंना जागा बराबर मिळाली. वरनं काटं, आत तेल." त्यातला तेलाचा भाग मी आईला पत्रातून कळवला होता.

एकदा ते नवा जिल्हा बघायला म्हणून आमच्या कचेरीत आले. जिल्हा हा बघण्यासारखा काही पदार्थ असतो अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना टेबलं दाखवली, पंखे दाखवले, बाहेर लावलेली नवी पाटी दाखवली. ते सगळीकडे मान डोलवत आले आणि फायलींच्या गठ्ठ्यांपाशी थांबले. मी वळून बघते तो त्यांनी कमरेची नळी काढून एका गठ्ठ्यात खुपसली होती. कागदाचा एक कपटा निघाला, तो त्यांनी दाताखाली धरला आणि आमच्या हेडक्लार्कना गंभीरपणे सांगितलं, "ओल हाय सायेब. कसर लागंल." हेडक्लार्क आधी रागावले, मग त्यांनी तो गठ्ठा सोडून पाहिला आणि मुकाट्याने उन्हात ठेवायला सांगितला. घरी जाताना बसमध्ये आप्पा मला म्हणाले, "जिल्हा चांगला हाय. फकस्त खालनं वारं पायजे."

हे सगळं वेड कुठून आलं ते मला आव्वांनी सांगितलं. आप्पांची पूर्वी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत होती आणि हे कोठार धान्याने भरलेलं असायचं. मागच्या मोठ्या दुष्काळात दारात माणसं येऊन उभी राहिली. आप्पा माप घेऊन दारात बसले आणि कोठार तळाला जाईपर्यंत उठले नाहीत. "मी म्हणलं, मूठभर तरी ऱ्हाऊ द्या कोपऱ्यात. कणगी पुरती झाडू नये. तर एक म्हातारी पदर पसरून उभीच. मूठ बी तिलाच दिली ह्यांनी." दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा रिकाम्या कोठारात गेले आणि खोकले. खोकला चारी भिंतींना आपटून परत आला. त्या आवाजाने ते इतके घाबरले की धावत घरी आले. आव्वा म्हणाल्या, "अंगात ताप भरला की ओ. म्हणायलेत, कोठार बोलायलंय, रिकामं कोठार बोलायलंय. मंग त्याच आठवड्यात गल्लीतलं घर सोडलं आन् बिऱ्हाड हितं आणलं. म्हणले, धान्य न्हाई तर माणसं भरू."

अडत त्यांनी पुन्हा धरली नाही. माणसं मात्र भरत राहिले.

माणसं भरायची म्हटल्यावर माणसं जाणं आलंच. तलाठ्याची बदली झाली तेव्हा तो सामान घेऊन खालच्या दाराने निघून गेला, आणि आव्वा सांगतात, आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. पण तलाठी परका. घरातून जायचं माणूस खरं तर एकच होतं, गिरिजा. आणि ते जाणं आप्पा वर्षामागून वर्ष पुढे ढकलत होते.

गिरिजा उंच, सावळी, आणि हसायला लागली की कोठार तिचं हसू दुप्पट करून परत द्यायचं. शिवणकाम सुरेख करायची. तिच्या बरोबरीच्या मुलींची लेकरं शाळेत जायला लागली होती. एका रविवारी झंपरांना काज करताना मी तिला सरळच विचारलं, लग्न करायचं आहे का नाही. ती म्हणाली, "करायचंय की बाई. मला खिडकी असलेलं घर पायजे. खिडकीत उभं ऱ्हाऊन रस्त्यानं कोण चाललंय ते बघायचंय. हितं मला फकस्त आभाळ दिसतंय, ते बी गोल." मग जरा वेळाने म्हणाली, "पण आप्पांना सोडून जायाचं म्हणलं की माझंच मन होईना. मी गेले की ते पुन्हा खोकून बघतील."

स्थळं येत होती. आप्पा कुणालाही नाही म्हणायचे नाहीत, फक्त वरून या म्हणायचे. निलंग्याचे पाहुणे म्हणाले, "आमी काय पोती हाव का?" तर आप्पा म्हणाले, "पोती असता तर एवढी कटकट झाली नसती." ते पाहुणे चहा न घेताच गेले. दुसरा एक मुलगा बिचारा उतरला, पण घाबरून हातांना घाम सुटला होता. आप्पांनी त्याचा हात हातात घेतला आणि तिथेच "दमट" म्हणून निकाल दिला. आव्वा मला म्हणायच्या, "ह्यांना पोरगी द्यायचीच न्हाई. शिडी नुसतं निमित्त हाय." हे आप्पांनाही ठाऊक असावं. स्थळ परत गेलं की त्या संध्याकाळी ते गिरिजाला आवडणाऱ्या धपाट्यांसाठी स्वतः कोथिंबीर निवडून द्यायचे.

मग उदगीरचं स्थळ आलं. मुलाचं नाव मन्मथ, डाळीचं दुकान, वडील नाहीत, आई आणि मामा. मामा उदगीरच्या मोंढ्यातले नावाजलेले भुसार व्यापारी, आणि देहानेही मोंढ्याला शोभणारे. आव्वांनी मुलाच्या आईला हळूच दारातून आत घेतलं आणि तुरीत नेऊन बसवलं. आप्पांनी न पाहिल्यासारखं केलं. मामांना मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे पायऱ्या दाखवल्या. त्यांना वाटलं असणार, हा माणूस नक्की चिडून परत जाईल.

मामा छाती काढून म्हणाले, "कोठारात वरनं उतरायचं हे मला शिकवायलाव का? माझा जल्म गेला मोंढ्यात." आणि ते पायऱ्या चढले.

आम्ही आतून बघत होतो. आधी तोंडातून दोन पाय आले, मग धोतर आलं, मग पोट आलं आणि तिथे सगळं थांबलं. घरातला उजेड एकदम गेला. काचांतून आलेल्या पिवळ्या अंधारात शिडीवर दोन पाय तेवढे हलत होते, आणि वरून, फार लांबून आल्यासारखा मामांचा आवाज येत होता, "अय्यो शिवा. अय्यो शिवा."

मी शिडीकडे धावले. "ओढू नका," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला होता, मोंढ्यातला झाला होता. "पोतं आडकलं तर ओढायचं न्हाई, उसवतंय. ढकलायचं बी न्हाई, फुगतंय. फिरवायचं. वर कोण हाय?"

"मी मन्मथ," वरून आवाज आला, मामांच्या अंगाच्या फटीतून.

"त्यांचं खांदं धरा. गिरिजा, शिडीवर चढ, पाय धर. दोघांनी एकाच अंगाला, एकाच टायमाला. मामा, श्वास सोडा आन् घेऊ नगा."

मग मी जे पाहिलं ते पुन्हा कधी बघायला मिळणार नाही. मधे मामा, वर मन्मथ, खाली गिरिजा, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही.

"कोणत्या अंगाला?" वरून मन्मथने विचारलं.

"तुमच्या उजव्या," गिरिजा म्हणाली. "न्हाई, थांबा, तुमी उलटं उभं हाव का?"

"किल्ल्याकडं तोंड करून हाय मी."

"मंग किल्ल्याकडनं बसस्टँडकडं फिरवा. हळू. मामांचा पाय मुरगळंल."

"तुमचा हात तर न्हाई ना आडकला?"

"न्हाई. फिरवा तुमी."

जात्याची वरची पाळी फिरावी तसे मामा फिरले. थोडा चुना पडला, काहीतरी टर्रकन फाटलं आणि उजेड परत आला. मामा शिडीवरून घसरत खाली आले ते थेट गोणपाटाच्या ढिगावर. आप्पा सवयीने म्हणून गेले, "लाभ."

मग मामांच्या पोटातून हसू वर आलं, आणि ते हसू आवरेपर्यंत आव्वांनी गूळपाणी आणलं. "पोरगी पसंत," मामा धोतराची फाटकी बाजू लपवत म्हणाले. "पण जाताना मी दारानं जानार, सांगून ठिवतो." मन्मथ शिडीवरून उतरला, हातापायांना चुना लागलेला. गिरिजाच्याही केसांत चुना होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच दुसरीकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांची बघाबघी तेवढीच झाली आणि तेवढी पुरली.

पाहुणे गेल्यावर आप्पा बराच वेळ शिडीच्या खालच्या पायरीवर बसून होते. मी विचारलं, मुलगा कसा वाटला. ते नाइलाजाने म्हणाले, "सुका हाय. घाईत बी आवाज चढला न्हाई त्याचा. मामाला ओढलं न्हाई, पोरीचा हात आडकला का विचारलं. आता ह्याला नाव काय ठिवावं, बाई? तुमीच सांगा." मला हसूही येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

नाव ठेवायला काही सापडेना, तेव्हा त्यांनी दुष्काळ पुढे केला. ते निमित्त खोटं नव्हतं. त्या वर्षी पाऊस आला तसाच गेला होता, किल्ल्याच्या खंदकात धूळ उडत होती, आणि गल्लीत टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. पहिल्या टँकरच्या दिवशी आप्पांनी कायदा काढला की पाणीही वरूनच आत आलं पाहिजे. आव्वांनी भरलेली घागर त्यांच्यापुढे आदळली आणि म्हणाल्या, "तुमी प्या वरनं. आमी दारानं आणतो." कोठाराच्या इतिहासात असा उठाव पहिलाच. आप्पांनी विचार केला आणि निवाडा दिला, "पाणी माल न्हाई. आज येतंय, सांजच्याला संपतंय. कायदा टिकनाऱ्या मालाला." बाहेर निथळून आणायची अट तेवढी ठेवली.

"टँकरच्या पाण्यावर लगीन कसं करावं?" आप्पा म्हणायला लागले. "पाऊसपाणी होऊ द्या, मंग बघू." उदगीरहून निरोप आला की वऱ्हाड आपलं पाणी बरोबर घेऊन येईल. आणि वैशाखात ते खरोखरच आलं, पुढे ट्रकमध्ये पाण्याची पिंपं आणि मागे माणसं. कोठारासमोर मांडव पडला, जंगमांनी अक्षता टाकल्या, मामांनी सगळ्या वऱ्हाडाला ते तोंड खालून दाखवलं आणि आपण कुठे अडकलो होतो ते पोटाला हात लावून सांगितलं. जेवणं झाली. मग ती वेळ आली.

गिरिजा देवाच्या पाया पडायला आत आली होती. आम्ही बायका तिच्याभोवती, मन्मथ तिच्या बाजूला. दाराबाहेर जीप सुरू करून ठेवलेली. आणि बघतो तो आप्पा दारापाशी नाहीत. ते शिडी आणून मोठ्या तोंडाखाली लावत होते.

"वरनं जावा," ते म्हणाले. कुणाकडे न बघता म्हणाले. "दोघं बी वरनं जावा. पायऱ्या उतरून जीप गाठा. खालच्या दारानं पोरगी जाणार न्हाई माझी. खालनं निघालं ते संपलं. मी बघितलंय."

बाहेर मामांना हे कळलं तसा त्यांचा आवाज आला, "पुन्हा ते बीळ का?" पण कुणी हसलं नाही. आव्वांनीसुद्धा शिडीला हात लावला होता, धरायला. मला तर त्या क्षणी वाटलं की जाऊ द्यावं तिला वरून, काय बिघडतं. शालूत चढायला कठीण, इतकंच. म्हाताऱ्याला तेवढं समाधान.

गिरिजा आप्पांसमोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पापणीच्या आत धरून ठेवले, कारण ती कोठारात होती.

"आप्पा," ती म्हणाली, "कायदा तुमचाच हाय ना? आत यायचं ते वरनं, जायाचं ते खालनं?"

"हाव."

"मंग मी वरनं गेले तर यायचं कुठनं?"

आप्पांचा हात शिडीवरून खाली आला.

"मी दारानंच जाते. दस्तुराप्रमाणं जाते. आन् पंचमीला येते ती वरनं येते. शिडी काढू नगा."

ती वाकली. त्या दारातून सगळ्यांनाच वाकून जावं लागतं, पण ती आधी आप्पांच्या पायांशी वाकली आणि मग दारातून. बाहेर पडल्यावर, ओट्यावर, ती मनसोक्त रडली. आप्पा आत राहिले. जीप निघून गेली, वऱ्हाडाचा ट्रक गेला, मांडव उतरवला गेला. घर भलतंच मोठं वाटायला लागलं. आव्वा आणि मी एकमेकींकडे बघत होतो, दोघींच्या मनात एकच भीती. आप्पा ज्वारीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. आता खोकतील, असं आम्हाला वाटलं. त्यांनी घसा साफ केला, आमच्याकडे पाहिलं आणि तो खोकला गिळला.

शिडी मात्र काढली नाही. घराच्या ऐन मध्यावर ती तशीच उभी राहिली. स्वयंपाकाला जाता-येता ती आम्हाला आडवी यायची, अंधारात माझं डोकं तिच्यावर कितीदा आपटलं. आव्वा वैतागून म्हणाल्या, "पंचमीच्या आदल्या दिशी लावा की." आप्पा म्हणाले, "असू द्या. माल कवा येतंय त्याचा काय नेम."

पुढे माझीही बदली झाली, किनवटला. माझी ट्रंक मी खालच्या दारानेच बाहेर काढली. आप्पा दारात बसले होते, म्हणाले, "दस्तुराप्रमाणं चाललाव, बरं हाय. शिडी हितंच हाय, बाई." ते वाक्य मी किनवटच्या जंगलातल्या पावसाळ्यात, ओल भिंतीवर चढत असताना, फार वेळा आठवलं. त्यानंतर दोनदा औशाला गेले आणि दोन्ही वेळा छतातून उतरले. माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली, मी नाही.

पण मला सांगायची आहे ती माझ्या बदलीच्या आधीची, गिरिजाच्या लग्नानंतरची पहिली पंचमी. कचेरीला सुट्टी होती. आप्पांनी सकाळपासून शिडीची एकेक पायरी फडक्याने पुसली आणि प्रत्येकीवर उभं राहून पाहिलं. पंचमीला तवा चढवत नाहीत, म्हणून आव्वांनी दिंडं उकडायला ठेवली होती. उदगीरची बस यायची वेळ झाली आणि टळली. आप्पा मोठ्या तोंडाखाली बसून वरचा आभाळाचा गोल तुकडा बघत होते. "गाडी लेट असेल," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

मग छतावर पावलं वाजली. थोडी माती खाली पडली. उजेडात आधी दोन पाय आले, धुळीने माखलेले, जोडवी घातलेले. आप्पा ताडकन उठले, धोतर वर खोचलं आणि शिडीला पाठ लावून, कंबरेत वाकून उभे राहिले, हमाल पोतं पाठीवर घ्यायला उभा राहतो तसे. वरून मन्मथचा आवाज आला, "सावकाश." गिरिजा एकेक पायरी उतरत होती.

"आप्पा, सरका की," ती हसत म्हणाली. "मी काय क्विंटलचं पोतं हाय का?"

ते सरकले नाहीत. शेवटी तिनेच त्यांच्या बाजूने पाय खाली टेकवला आणि त्यांच्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवला.

"खिडकी हाय का तिथं?" आप्पांनी तसंच वाकून विचारलं.

"दोन हायेत."

आप्पा सरळ झाले. तिच्याकडे वळले. लाभ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज काही निघेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. त्यांच्या गालांवरून पाणी खाली उतरत होतं.

"आप्पा," गिरिजा हळूच म्हणाली, "ओल धरायली कोठारात."

आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आव्वांनी जरा वाट पाहिली. मग हातातली दिंडांची परात खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि त्यांच्या जागी तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या, "लाभ."